जोडीदार न सांगता एकटाच गेला: त्याने मागे काय ठेवलं ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आणि तुमचा जोडीदार सहा वर्षं एकत्र चौकशीचं काम करता. अफरातफरीच्या एका प्रकरणात शुक्रवारी संध्याकाळी तो तुम्हाला न सांगता एका माणसाला भेटायला गेला. तुम्हाला ते कळलं गाडीच्या नोंदवहीवरून. अठरा तास फोन बंद. शनिवारी दुपारी तो परत आला, फोनमध्ये एक रेकॉर्डिंग घेऊन, आणि म्हणाला, "हवं होतं ते मिळालं, आता विषय सोड." तुम्ही विचारता: त्या अठरा तासांत मी काय करायला हवं होतं, रेकॉर्डिंगचं काय करू, आणि याच्याबरोबर पुढे काम करू की नको?

मी या कामात पंचवीसएक वर्षं काढली. बहुतेक वेळा मागे राहिलेला मी होतो. एकदा मात्र निघून जाणाराही मीच होतो, ते पुढे सांगतो.

तुमच्या मजकुरात "विश्वासघात" हा शब्द चारदा आला आहे. तो सुखरूप आहे हे एकदाच, आणि तेही शेवटच्या ओळीत. हा दोष देत नाही. विश्वासातला माणूस असा गेला की पहिल्यांदा पोटात खड्डा पडतो आणि लगेच त्यावर राग येऊन बसतो. पण तुम्हीच लिहिलंय की रात्री अकरानंतर तुम्ही रागाने त्याचा शोध घेणंच सोडून दिलं. त्या अठरा तासांतली तुमची खरी चूक ती. सुरक्षिततेचा हिशोब वेगळा आणि विश्वासाचा वेगळा. पहिला मिटेपर्यंत दुसऱ्याची वही उघडायची नाही. तो परत येईपर्यंत तो तुमच्यासाठी फक्त एक बेपत्ता माणूस होता. दगाबाज की शहाणा, हे ठरवायला नंतर भरपूर वेळ होता.

किती वेळ थांबायचं? चोवीस तासांचा नियम मनातून काढून टाका. अनेक देशांतले पोलीस स्वतःच सांगतात की धोक्याची शंका असेल तर थांबायचं कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये कोपनहेगनला किम वॉल ही पत्रकार पीटर मॅडसन याच्या घरगुती पाणबुडीवर मुलाखतीसाठी एकटी गेली. ती ठरल्याप्रमाणे परतली नाही तेव्हा तिच्या जोडीदाराने त्याच रात्री, उजाडायच्या आत, तक्रार दिली. ती वाचली नाही. पण ती कुठून, कोणाबरोबर, कशावर गेली हे पहिल्या तासापासून नोंदीत होतं. "तिला किनाऱ्यावर सोडलं" ही मॅडसनची पहिली कथा फार तग धरू शकली नाही. २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तिने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं आणि मागे राहिलेल्याने वेळ न दवडता हालचाल केली, म्हणून एवढं तरी हाती लागलं.

तुमच्या बाबतीत सांगून ठेवलेलं काही नव्हतं. मग काय वाचायचं? त्याचं टेबल. तो काय घेऊन गेला आणि काय ठेवून गेला, हे तुम्ही कदाचित बघितलंच नसेल, कारण गाडीच्या नोंदवहीने तुम्हाला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. नोंदवही फक्त गाडी गेली एवढंच सांगते. रेकॉर्डर नेला असेल तर तो ऐकायला गेला. रेकॉर्डर ठेवून वाचायचा चष्मा आणि फाइलमधली रकमांची यादी नेली असेल तर कागद ताडून बघायला गेला. फोनचा चार्जर आणि औषधाची गोळी बरोबर असेल तर रात्र बाहेर जाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. ओळखपत्र टेबलावरच असेल, तर तो कोण आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नव्हतं, आणि तेव्हा मी सर्वांत जास्त घाबरेन. हे सगळं वरवर बघून कळतं. त्याचे खासगी मेल, कुलूपबंद ड्रॉवर, घरचा संगणक यांना हात लावू नका. तो अधिकार तुमचा नाही, आणि पुढे प्रकरण उलटलं तर तुम्हीच उघडलेलं कुलूप तुमच्या गळ्यात येईल. जे दिसलं ते वेळेसकट कागदावर लिहा: "सात चाळीसला टेबल पाहिलं, निळी फाइल नाही." रात्री अकराला हे क्षुल्लक वाटतं. चार दिवसांनी तुमच्या स्मरणशक्तीपेक्षा त्या ओळीवर माझा जास्त भरवसा असेल.

फोनबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. पंधरा-वीस वेळा रिंग देऊ नका. तो कुठेतरी दबून बसला असेल तर त्याच्या खिशातली थरथर त्यालाच उघडं पाडेल, आणि समोरच्याच्या टेबलावर फोन असेल तर पडद्यावर तुमचं नाव झळकेल. एकदा फोन करा. उचलला नाही तर एक साधा, घरगुती वाटणारा मेसेज टाका. "तू त्या हिशेबनीसाला भेटायला गेलास का?" असं लिहिलंत तर तुम्ही साक्षीदाराची ओळख फोन ज्याच्या हातात असेल त्याला देऊन टाकलीत. बंद फोन किती वाजेपर्यंत चालू होता हे मात्र टिपून ठेवा, पोलिसांना ते लागतं. त्याच्या घरीही फोन करायचाच. तेव्हा आवाज साधा ठेवा, पण खोटं बोलू नका. "तो माझ्याबरोबर आहे" असं सांभाळून घेणाऱ्या जोडीदारांनी शोध सुरू व्हायलाच उशीर केलेला मी दोनदा पाहिलाय.

आणि त्याच्या मागे एकटे जाऊ नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, म्हणून दुसऱ्या क्षेत्रातलं एक उदाहरण देतो. टाक्या, विहिरी, भुयारी गटारं अशा कोंदट जागांत होणाऱ्या मृत्यूंबद्दल अमेरिकेतल्या निओश या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता: मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक आधी पडलेल्याला वाचवायला उतरलेले असतात. आत काय आहे ते न बघता, दोर न बांधता, माझा माणूस आहे म्हणून उडी मारणारे. आपल्या कामातली टाकी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. तुम्हाला माहिती असलेलं सगळं वरिष्ठाला किंवा पोलिसांना देऊन, कोणीतरी तुमची वेळ बघत बसलेलं असताना निघालात तर ठीक. नाहीतर एकाऐवजी दोन बेपत्ता.

आता मधल्या गोष्टीकडे. तो गेला यापेक्षा काहीही मागे न ठेवता गेला, हे मला जास्त खुपतं. २ जून १९७६ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात डॉन बोल्स हा पत्रकार एका खबऱ्याला भेटायला क्लॅरेंडन हॉटेलमध्ये एकटा गेला. खबऱ्या आलाच नाही, हॉटेलवर फोन आला. बोल्स बाहेर येऊन गाडीत बसला आणि खाली लावलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. अकरा दिवसांनी तो मरण पावला. पण कार्यालयातल्या त्याच्या टाइपरायटरमध्ये एक चिठ्ठी अडकवलेली होती: कोणाला भेटतोय, त्यानंतर कुठे जाणार, आणि साधारण दीड वाजेपर्यंत परत येईन. चिठ्ठीने जीव वाचला नाही. मात्र तपास कुठून सुरू करायचा हे कोणालाही विचारावं लागलं नाही. एकटं जाणं हे आपल्या धंद्यात कधीकधी होतं, मी ते पाप मानत नाही. टाइपरायटरमध्ये चिठ्ठी न ठेवता जाणं मात्र मानतो. आणि चिठ्ठीत नुसतं नाव पुरत नाही. १९८६ मध्ये लंडनला सूझी लॅम्प्लू ही घरं दाखवणारी तरुणी एका गिऱ्हाइकाला भेटायला एकटी गेली आणि बेपत्ता झाली. तिच्या डायरीत वेळ होती, पत्ता होता, "मिस्टर किपर" असं नावही होतं. त्या नावाचा माणूस कोण हे आजतागायत निश्चित झालेलं नाही. म्हणून नाव समोरच्याने सांगितलेलं आहे की आपण तपासलेलं, हेही लिहायचं. परतायची वेळ लिहायची. आणि ती वेळ टळली की कोण काय करणार, तेही.

तुमच्या जोडीदाराने खुलासा केला असेल तर तो बहुधा असा असेल: "तो म्हणाला एकटाच ये." हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. "एकटा ये" हा स्वतःच एक पुरावा आहे. ते कोण, कधी, कोणत्या मार्गाने म्हणालं? तुम्ही दोघं आहात हे त्याला कुठून कळलं? दोघांतून याचीच निवड का केली? कधी त्यामागे निव्वळ भीती असते. नोकरी जाईल या धास्तीने माणूस दोन चेहऱ्यांपुढे तोंड उघडत नाही. कधी सापळा असतो. आणि कधी तुम्हा दोघांत फट पाडायची असते, ती तर पडलीच आहे. "एकटा ये" याचा अर्थ मी नव्यांना असा शिकवतो: एकटा दिसशील असा ये. दुसरा माणूस रस्त्यापलीकडे, गाडीत, नाहीतर नुसता घड्याळ घेऊन फोनपाशी.

रेकॉर्डिंग. ते फोनवरून फोनवर पाठवू नका, तुम्हालासुद्धा नको. मेसेजच्या ॲपमधून गेलं की बऱ्याचदा आवाज दाबला जातो, फाइलची मूळ माहिती गळून पडते आणि मग तुमच्याकडे असते ती नक्कल. ज्या फोनवर घेतलं तो फोन तसाच, विमान मोडवर टाकून, जाणकाराकडे द्या. त्याने हॅश काढू द्यावा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. एक अक्षर हललं तरी तो बदलतो. मग प्रतीवर काम. रेकॉर्डिंग गुपचूप केलेलं असेल तर तुमच्याकडच्या कायद्यात ते चालतं का, हे वकिलाला आधी विचारा, वापरायचा विचार नंतर. काही ठिकाणी बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, काही ठिकाणी सगळ्यांची लागते.

पण खरा धोका फाइलीत नाहीच. तो रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच्या मिनिटांत आहे. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न तोच विचारणार: बटण दाबायच्या आधी तुम्ही दोघं काय बोललात? काय कबूल केलंत? त्याला काय बोलायला सांगितलंत? आणि तुमचा जोडीदार कितीही खरं बोलला तरी त्याच्या शब्दाला दुसरा कान साक्षीला नाही. दोघांनी जायचं असतं ते फक्त मार खाऊ नये म्हणून नाही. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, यासाठी. म्हणून भेट झाली हे फाइलमध्ये लिहा, वेळ आणि त्रुटीसकट. "हे नोंदवलं तर प्रकरण ढिलं पडेल" असं तो म्हणेल. पडू दे. नोंदवलेली चूक प्रकरण कमजोर करते, लपवलेली चूक नंतर सापडली तर तुम्ही आधी केलेली चोख कामंही संशयात जातात. त्या माणसाचा जबाब नव्याने घ्यायचा, आणि तो तुम्हा दोघांपैकी कोणीच घ्यायचा नाही.

जोडीदाराशी बोलायचं ते याच क्रमाने. "का गेलास?" हा प्रश्न शेवटी ठेवा. "का" म्हटलं की माणूस वकील होतो, स्वतःचाच. आधी: लागलंय का, कोणी पाहिलं का, पाठलाग झाला का, तू काय सांगितलंस? हो, त्याने काय ऐकलं याइतकंच त्याने काय सांगितलं हे महत्त्वाचं; भेटायला गेलेला माणूस नकळत देऊनही येतो. मग त्याला एका खोलीत बसवून, तुमच्याकडची कुठलीही माहिती न देता, घडलं ते सलग लिहायला सांगा. मध्ये थांबवू नका. फिशर आणि गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांसाठी बसवलेली मुलाखतीची पद्धत याच पायावर उभी आहे: माणसाला त्या जागेत मनाने परत नेऊन अखंड बोलू द्यायचं, तोडायचं नाही. आपल्याच माणसाला ती लावताना संकोच वाटतो, पण त्याचाही फायदा यातच आहे. पहिलाच कागद स्वच्छ असेल तर पुढे त्याच्यावर कोणी शब्द बदलल्याचा आरोप करू शकत नाही.

आता "का." कादंबऱ्यांत असे लोक एक तर पैसे खाल्लेले असतात किंवा शूर असतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक ओशाळलेले होते. आधी कुठेतरी एक चूक झालेली असते: एक कागद न तपासता पुढे ढकललेला, साक्षीदाराला दिलेला एखादा शब्द पाळायचा राहिलेला. ती गुपचूप निस्तरायला माणूस एकटा जातो. त्यामुळे तुमच्या जोडीदाराने गेल्या दोन महिन्यांत या प्रकरणात काय केलं ते परत वाचा. दोषासाठी नाही, अडखळल्याच्या खुणेसाठी. दुसरं कारण तुम्हाला आवडणार नाही: तुम्ही अडवाल हे त्याला ठाऊक होतं. असं असेल तर अर्धा प्रश्न त्याचा आणि अर्धा तुमच्या दोघांच्या बोलण्याचा. टाळी एका हाताने वाजत नाही, तशी चुप्पीही एकाची नसते.

आणि तो फितूर असल्याची शंका असेल तर? भेटीला न लागणारे कागद नेले असतील, आधीही काही तासांचा हिशोब लागत नसेल, गुप्त ठेवलेलं नाव बाहेर गेलं असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय. पण तिथे तुमचं काम थांबतं. आपल्याच जोडीदाराची चौकशी आपण करायची नसते. तुम्ही त्या गोष्टीतले साक्षीदार आहात. दिसलं ते लिहून वर द्या आणि बाजूला व्हा. त्याच्यावर पाळत ठेवायला निघालात तर तुम्हीही न सांगता एकटेच गेलात की.

पुढे एकत्र काम करावं का, याचं उत्तर मी स्वभावावर सोडत नाही, रचनेवर सोडतो. इटलीतल्या पालेर्मो शहरातलं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९८० मध्ये तिथले मुख्य सरकारी वकील गाएतानो कोस्ता यांनी माफियांच्या पन्नासहून अधिक माणसांच्या अटकेच्या कागदांवर सही केली. हाताखालच्या सहकाऱ्यांनी सही करायला नकार दिला होता. म्हणजे कागदावर एकच नाव उरलं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला भर शहरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे तिथल्या तपास न्यायाधीशांचे प्रमुख रोक्को किन्निची यांनी आपल्या न्यायाधीशांमध्ये माहिती वाटून घ्यायची सवय पाडली. १९८३ च्या जुलैत त्यांनाही बॉम्बने उडवलं. त्यांच्या जागी आलेल्या अँतोनिनो कापोनेत्तो यांनी ती सवय पक्की केली: फाल्कोने, बोर्सेलिनो, दी लेल्लो, ग्वार्नोत्ता असा गट, सगळं सगळ्यांना ठाऊक. एकाला मारून तपास मरू नये, हा साधा हिशोब. फेब्रुवारी १९८६ मध्ये उभा राहिलेला ४७५ आरोपींचा महाखटला त्यातून आला. ती माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत होती यात शंका नाही, पण काम चाललं ते विश्वास नसता तरी चाललं असतं अशा पद्धतीने. तुमच्या सहा वर्षांत नेमकं हेच नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांना इतके ओळखत होता की लिहून ठेवायची गरजच वाटली नाही. त्यामुळे मी म्हणेन, त्याने लेखी खुलासा दिला आणि त्यात स्वतःला अडचणीत आणणारी निदान एक ओळ असली, तर काम करा. खुलाशात सगळंच त्याच्या बाजूचं असेल तर करू नका.

माझं सांगायचं राहिलं. एका हिशेबनीस बाईंनी मला वह्या दाखवायचं कबूल केलं होतं, एकट्याला. मी जोडीदाराला सांगितलं नाही, कारण आधीच्या आठवड्यात त्याच बाईंची भेट मी विसरलो होतो आणि ते त्याला कळू द्यायचं नव्हतं. रेकॉर्डर टेबलावर ठेवून चष्मा घेऊन गेलो. रात्री उशिरा परतलो तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. टेबलावर त्याचा कागद: माझा चष्मा नाही, रेकॉर्डर आहे, वह्या बघायला गेला असावा, वह्या असण्याची शक्यता असलेली तीन ठिकाणं. दुसऱ्या ठिकाणापुढे खूण. तिथपर्यंत तो एका सहकाऱ्याला घेऊन जाऊन आला होता, खिडकीत मला बघून परत फिरला होता. मी टिपून आणलेल्या आकड्यांचा पुढे काहीच उपयोग झाला नाही. बाईंनी मी आलोच नव्हतो असं सांगितलं आणि वह्या नाहीशा झाल्या. तो मात्र त्या रात्री एवढंच म्हणाला, "वेळ लिही, मग घरी जा." मी लिहिली. खाली सहीसाठी दोन रेघा त्याने आधीच ओढून ठेवल्या होत्या.